मुखावरची मुद्रा आणि पुढचा नळ



इतिहासावरील व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे तह, लढाया आणि राजवंश उभे राहतात. आज मी आपल्यापुढे ठेवणार असलेला विषय त्या मानाने फारच लहान आहे. लांबीने मोजला तर पंधरा मीटरांत मावेल एवढा. उघड्या पाटातून वाहत आलेले पाणी मोजायचे आणि मोजून झाल्यावर बंद नळात सोडायचे, त्या दोन क्रियांच्या मधल्या जागेचा हा इतिहास आहे. मात्र या चिंचोळ्या जागेत दोन हजार वर्षे माणसे एकमेकांना फसवीत आली आहेत, आणि पुष्कळदा फसवणारा कोणी नसतानाही फसत आली आहेत. आपल्या सीमाभागात उसाच्या पाळीवरून भावाभावांत अबोला धरला गेल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील. त्यामुळे पाण्याचे माप हा विषय आपल्याला परका वाटणार नाही, असा मला भरवसा आहे.

आरंभ रोमपासून करू. इसवी सन ९७ मध्ये सम्राट नर्व्हा याने सेक्स्टस यूलियस फ्राँटिनस या अनुभवी सेनानीला राजधानीच्या पाणीपुरवठ्याचा अधीक्षक नेमले. फ्राँटिनसने त्यापूर्वी ब्रिटनचा कारभार पाहिला होता. वयाने व मानाने इतका मोठा माणूस अशा खात्यावर आला म्हणजे सही करून मोकळा होईल, अशी कारकुनांची अपेक्षा असावी. या गृहस्थाने मात्र खात्याच्या जुन्या वह्या मागवल्या, नऊही जलवाहिन्या तपासल्या आणि जे आढळले ते एका ग्रंथात लिहून ठेवले. आपल्या हाताखालच्या लोकांवर अवलंबून राहून कारभार करणे याहून अधिकाऱ्याला लाजिरवाणे काही नाही, हा त्या ग्रंथामागचा भाव आहे. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या कोणाही वाचकाने हा ग्रंथ वाचावा. आपली कचेरी त्यात ओळखू येते.

वह्यांचा हिशेब विलक्षण होता. जमेच्या बाजूला सर्व वाहिन्यांचे मिळून १२,७५५ माप पाणी आणि वाटपाच्या बाजूला १४,०१८. म्हणजे आले त्यापेक्षा १,२६३ माप अधिक वाटले गेले! असे होणे शक्य नाही, हे उघड आहे. फ्राँटिनसने मग उगमापाशी स्वतः मोजणी केली, तेव्हा प्रत्यक्षात येणारे पाणी वहीतल्या जमेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. याचा अर्थ वहीत न आलेले पाणी वाटेत कोठेतरी मुरत होते.

या मापाचे नाव क्विनारिया. सुमारे २.३ सेंटिमीटर व्यासाच्या नळाच्या तोंडाएवढे क्षेत्रफळ म्हणजे एक क्विनारिया. पाण्याचा वेग किती, हा प्रश्न रोमनांच्या हिशेबात आकड्याच्या रूपाने आलाच नाही. नुसते तोंड मोजून भागत नाही, वेगही पाहावा लागतो, हे अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने लिहून ठेवले होते. झऱ्याचे पाणी खड्ड्यात साठवून छायायंत्रावर वेळ मोजावा, असा त्याचा उपाय. रोमच्या कारभारात तो उतरला नाही. युरोपात ही गोष्ट शास्त्र म्हणून पक्की व्हायला कास्तेल्लीचा १६२८ चा ग्रंथ यावा लागला.

रोमला पाणी दगडी पाटातून येई, वाटपाच्या हौदात पडे आणि तेथून शिशाच्या नळांनी घरोघर जाई. पुण्यात कात्रजच्या नळाने भरणारे पेशवाईतले हौद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रचना चटकन ध्यानात येईल. हौदाच्या भिंतीत प्रत्येक हक्कदारासाठी काशाची एक मुखनळी बसवलेली असे. तिची लांबी बारा अंगुळांपेक्षा, म्हणजे सुमारे बावीस सेंटिमीटरांपेक्षा, कमी नसावी असा नियम होता. शिसे मऊ असते, ठोकून रुंद करता येते. काशाला तसे करता येत नाही, म्हणून मुखनळी काशाची. तिच्यावर सरकारी मुद्रा उमटवलेली असे. तोंड ठरलेले, धातू कठीण, वर शिक्का. फसवणुकीला जागा उरली कोठे?

जागा उरली होती ती शिक्क्याच्या पुढे. फ्राँटिनसला असे आढळले की काही ठिकाणी मुखनळी अगदी कायदेशीर, मुद्रा खरी, पण तिला लागूनच मोठ्या व्यासाचा नळ जोडलेला आहे. पाणी त्या आखूड अरुंद वाटेतून घाईने निसटते आणि पुढचा मोठा नळ सहज भरतो. यासाठी दंडक होता, तो त्याच्याही शंभर वर्षे आधीचा. इसवी सनपूर्व ११ मधील सिनेटच्या ठरावाने हौदापासून पन्नास फुटांच्या आत रुंद नळ जोडण्यास मनाई केली होती. मुखनळीचे जे माप तेच माप पुढे पन्नास फूट कायम राहिले पाहिजे, असा फ्राँटिनसचा आग्रह आहे. पन्नास रोमन फूट म्हणजे आपले सुमारे पंधरा मीटर.

या नियमामागचे कारण रोमनांना सांगता आले नसते, पण परिणाम त्यांनी नेमका हेरला होता. अरुंद तोंडापुढे नळ हळूहळू रुंद होत गेला तर पाण्याचा वेग कमी होत जातो आणि त्याबरोबर दाब वाढत जातो. पुढे दाब वाढतो याचा अर्थ मागे, त्या अरुंद तोंडापाशी, तो तुलनेने खाली उतरलेला असतो. त्यामुळे हौदातले पाणी जास्त जोराने ओढले जाते. तोंड तेच, शिक्का तोच, पाणी मात्र जास्त! पन्नास फूट एकाच मापाचा नळ ठेवला म्हणजे त्याच्या घर्षणाने ही ओढ मोडते. हे प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय इटालियन प्राध्यापक जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी याचे. त्याचा ग्रंथ १७९७ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला.

येथे इतिहासाने एक सुरेख गाठ मारली आहे. फ्राँटिनसच्या ग्रंथाचे हस्तलिखित माँटे कासिनोच्या मठात पडून होते. १४२९ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी या विद्याव्यसनी माणसाच्या ते हाती लागले. पुढे साडेचार शतकांनी अमेरिकेत होलिओक येथे क्लेमेन्स हर्शल नावाचा अभियंता एका जलशक्ती कंपनीत काम करीत होता. कापडाच्या व कागदाच्या गिरण्यांना कालव्याचे पाणी विकायचे आणि कोणी किती वापरले ते ठरवायचे, हे त्याचे काम. बंद नळात, नळ न उघडता, पाणी मोजता यावे म्हणून त्याने १८८७ च्या सुमारास नळ मध्येच आवळून पुन्हा रुंद करण्याची युक्ती काढली आणि त्या उपकरणाला व्हेंतुरीचे नाव दिले. रोममध्ये ज्या आकाराने चोरी होत होती, त्याच आकाराचे त्याने माप बनवले. याच हर्शलने फ्राँटिनसच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद स्वखुशीने करून १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. हाताला ग्रीस लागलेल्या माणसाने लॅटिन ग्रंथाचा अनुवाद करावा, याचे आपल्याकडे अजूनही आश्चर्य वाटते. ते वाटू नये.

आता उघड्या पाटाकडे वळू. हर्शलची युक्ती बंद नळापुरती होती. शेतीचे पाणी उघड्या पाटातून वाहते, त्यात गाळ असतो, पालापाचोळा असतो. पाटात आडवी भिंत घालून तिच्यावरून पाणी पाडले तर मोजता येते खरे, पण भिंतीमागे गाळ साचतो आणि पाण्याची उंची फार खर्ची पडते. सपाट मुलखात तेवढी उंची मिळायची कोठून? कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्स येथे व्ही. एम. कोन याने पाटच दोन्ही बाजूंनी आवळून पाहिला. त्याचे वर्णन १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्याच मागे राल्फ पार्शलने या पन्हळीचा कंठ आणि तळ बदलला, कंठाचा तळ उतरता केला, पुढे पुन्हा चढता केला. त्याचा निबंध १९२६ चा. हीच आज जगभर ओळखली जाणारी पार्शल फ्लूम. कोलोरॅडोत ज्याने आधी पाणी घेतले त्याचा हक्क आधी, असा कायदा. त्यामुळे मोजमापाशिवाय तेथे एक दिवस काढणे कठीण होते.

त्याच दशकांत मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात क्लॉड इंग्लिस हा अभियंता दख्खनच्या कालव्यांवर काम करीत होता. १९१६ मध्ये इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग पुण्यात काढला. त्यातूनच पुढे खडकवासल्याची संशोधन संस्था वाढली, जी आज केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून आपल्याला ठाऊक आहे. त्याच्याही आधी खडकवासल्याच्या सांडव्यावर विश्वेश्वरय्यांच्या आपोआप उघडणाऱ्या दारांचा प्रयोग झाला होता; त्या जागेला पाण्याच्या विद्येचे वेडच आहे म्हणायचे. १९२८ मध्ये इंग्लिसने उभ्या लाटेच्या फ्लूमवरील आपली टिपणे खात्यामार्फत प्रसिद्ध केली. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. धुपदाळच्या बंधाऱ्यावरून घटप्रभेचे पाणी घेणारा कालवा याच खात्याने बांधला व चालवला, तेव्हा हा इतिहास आपल्या दारातून गेलेला आहे.

या फ्लूमचे तत्त्व थोडक्यात असे. पाट आवळला की पाण्याचा वेग वाढतो, आणि कंठात तो अशा मर्यादेला पोचतो की पुढच्या बाजूची कसलीही खळबळ उलट मागे चढू शकत नाही. धबधब्याच्या पायथ्याशी कोणी काही केले तरी माथ्यावरच्या पाण्याला त्याची वार्ता नसते, तसे. या अवस्थेत मागच्या बाजूच्या पाण्याची उंची एका पट्टीवर वाचली की पुरे. तिच्यावरून विसर्ग कोष्टकातून निघतो. एक फूट रुंद कंठाच्या पार्शल फ्लूममध्ये पट्टीवर एक फूट पाणी असेल तर चार क्युसेक. पुढे वेगात निघालेले पाणी संथ पाण्याला भिडते तेथे पाण्याचा एक फेसाळ उंचवटा जागच्या जागी उभा राहतो. हीच इंग्लिसची उभी लाट. मला ही लाट रोमन मुद्रेपेक्षा श्रेष्ठ वाटते. मुद्रा वाचायला अक्षरओळख हवी आणि ती खोटीही उमटवता येते. ही लाट निरक्षर पाटकऱ्यालाही काठावरून दिसते, आणि ती आपल्या जागी ठाम दिसते तोवर पट्टीवरचा आकडा साधारणपणे खरा असतो.

पण या ठिकाणीही नळ आडवा आलाच. फ्लूममधून निघालेले पाणी पुढे रस्त्याखालून, वस्तीखालून किंवा शेतापर्यंत बंद नळातून न्यायचे असते. नळ विकत घ्यावा लागतो, मोठा नळ महाग पडतो, म्हणून हिशेबात बसेल तेवढा लहान घेतला जातो. येथे एक आकडा सांगतो. चार क्युसेक पाणी काँक्रीटच्या अठरा इंची नळातून तीनशे मीटर न्यायला सुमारे त्रेचाळीस सेंटिमीटर उतार पुरतो. तेच पाणी बारा इंची नळातून न्यायला सुमारे पावणेचार मीटर लागतो. व्यास दोनतृतीयांश केला की उंचीची गरज जवळजवळ नऊपट होते. एवढा उतार जमिनीत नसेल तर पाणी काय करते? ते नळाच्या तोंडाशी तुंबते, फुगवटा मागे सरकतो, उभी लाट कंठाकडे ढकलली जाते आणि शेवटी बुडून नाहीशी होते.

लाट बुडाली की पट्टी खोटे बोलू लागते, आणि ते कोणत्या दिशेने बोलते ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. समजा, तेच चार क्युसेक पाणी आहे, पण पुढच्या तुंबण्याने पट्टीजवळची पातळी ०.२ फूट, म्हणजे जेमतेम अडीच इंच, वर चढली. कोष्टक आता चारऐवजी सव्वापाच क्युसेक सांगते. शेताला एक थेंब जास्त मिळालेला नाही, वहीत मात्र जवळजवळ एकतृतीयांश पाणी जास्त चढले. रोममध्ये रुंद नळाने हक्कदार सरकारला लुटत होता. येथे अरुंद नळाने वही हक्कदाराला लुटते, आणि यात कोणाचा हेतू असण्याचेही कारण नाही. नळात गाळ बसला, बाभळीची फांदी अडकली, तरी हेच होते. सगळ्यांत वाईट म्हणजे हा बिघाड कचेरीच्या सोयीचा असतो. आकडा कमी आला तर तक्रार होते, चौकशी होते. आकडा भरघोस आला तर कालवा उत्तम चालला आहे असेच वाटते. शेवटच्या टोकाचा शेतकरी पाणी पोचत नाही म्हणून ओरडत असतो आणि वहीत त्याच्या नावावर पाणी वाढत असते.

पार्शलने या धोक्याची मर्यादाही आखून दिली होती. कंठाच्या पुढच्या टोकाशी पाण्याची उंची मागच्या उंचीच्या किती टक्के आहे ते पाहावे. एक ते आठ फूट रुंदीच्या फ्लूममध्ये हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आत आहे तोवर पुढच्या पाण्याचा मापावर परिणाम होत नाही. सहा व नऊ इंची फ्लूममध्ये साठ टक्के, त्याहून लहानांत पन्नास टक्के. फ्लूम जेवढी लहान तेवढी ती पुढच्या अडथळ्याला लवकर बळी पडते, आणि नळाला जोडल्या जाणाऱ्या फ्लूम बहुधा लहानच असतात. आज कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी मोजायला अशाच लहान पन्हळी बसवल्या जातात.

यावर उपाय जुनाच आहे, हौदाचा. फ्लूमचे तोंड थेट नळात घुसवू नये. मध्ये एक कुंडी बांधावी, फ्लूमचे पाणी तिच्यात मोकळेपणी खाली पडू द्यावे आणि नळ कुंडीच्या तळाजवळून काढावा. पूर्ण विसर्ग चालू असताना कुंडीतील पाण्याची पातळी फ्लूमच्या मुक्त मर्यादेखाली राहील इतकी कुंडी खोल हवी. हा हिशेब नळाच्या दुसऱ्या टोकापासून उलट करीत आणावा लागतो. नळ जेथे सुटतो तेथील पातळी घ्यायची, तीत नळातील घर्षण मिळवायचे, नळात शिरताना होणारी तूट मिळवायची, आणि मग कुंडी किती खोल हवी ते कळते. पुष्कळदा हे काम उलट क्रमाने होते. आधी फ्लूम बसते, मग उरलेल्या पैशांत नळ येतो. नळाचे तोंड कुंडीत पुरेसे बुडालेले नसेल तर भोवरा होऊन हवा आत ओढली जाते आणि नळ गचके देत वाहतो. म्हणून हवेसाठी उभी नळी हवी. पालापाचोळ्याची जाळी फ्लूमच्या लगेच पुढे बसवणे हा तर आपल्या हाताने फुगवटा आणण्याचा प्रकार. ती कुंडीत, पडत्या पाण्याच्या खाली असावी किंवा फ्लूमच्या बरीच आधी असावी. नळ उघड्या जमिनीवर सुटत असेल तर तेथे दगडी फरसबंदी हवी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात नळाखालची माती वाहून जाते.

पंजाबात या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला गेला. तेथे वितरिकेच्या काठात बसवलेल्या विमोचकाला मोघा म्हणतात. जुने मोघे म्हणजे पाण्याखाली बुडालेले साधे नळ. त्यांतून किती पाणी जाईल ते दोन्ही बाजूंच्या पातळ्यांच्या फरकावर ठरे. म्हणून शेतकरी आपली चारी खरवडून खोल करीत. पुढची पातळी उतरली की नळ जास्त ओढी. ही रोमचीच युक्ती, फावड्याने केलेली. १९२२ मध्ये ई. एस. क्रम्प याने असा मोघा मांडला की चारीत काहीही केले तरी त्याचा विसर्ग ठरल्या मर्यादेत बदलू नये. माणसांवर पहारा ठेवण्याऐवजी मापच असे करावे की पुढच्या बाजूचा हात त्याला पोचू नये, ही दृष्टी मला कायद्यापेक्षा अधिक सुसंस्कृत वाटते. मात्र तिला उंचीची किंमत मोजावी लागते, आणि कालव्याच्या शेपटाकडे उंचीचाच दुष्काळ असतो.

हा सारा इतिहास आज सांगण्याचे कारण असे. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, पाणी देण्याची व्यवस्था झाली. एकराच्या हिशेबाने पट्टी भरली जाई तोवर फ्लूम चुकली तरी खिशाला झळ बसत नव्हती. मोजून पाणी घेणाऱ्या संस्थेच्या बाबतीत पट्टीवरचा अडीच इंचांचा फुगवटा हा थेट देण्याचा आकडा होतो. त्याचबरोबर गेल्या काही वर्षांत अनेक प्रकल्पांवर उघड्या चाऱ्यांऐवजी जमिनीखालून बंदिस्त नलिका घालण्याचे धोरण आले. बाष्पीभवन आणि पाझर वाचतो, भूसंपादन टळते, हे सर्व खरे. परंतु जेथे उघडा कालवा संपून नळ सुरू होतो तेथे फ्राँटिनसची जागा पुन्हा निर्माण झाली आहे, आणि या वेळी नळाचा पुढचा भाग जमिनीखाली असल्याने काठावरून काही दिसत नाही.

म्हणून ताबा घेताना संस्थेच्या लोकांनी फ्लूमच्या रुंदीबरोबर तिच्यापुढील कुंडीची खोली आणि नळाचा व्यासही कागदावर लिहून घ्यावा. पूर्ण विसर्ग सोडायला लावून उभी लाट दिसते की नाही ते स्वतः काठावर उभे राहून पाहावे. पार्शलने आपल्या फ्लूमला दोन ठिकाणी पातळी वाचण्याची सोय ठेवली होती, एक मागे आणि एक कंठाच्या पुढच्या टोकाशी. पुष्कळ ठिकाणी काटकसर म्हणून मागची एकच पट्टी बसवली जाते. दोन्ही पट्ट्यांच्या नोंदी रोज लिहिल्या असतील तर फ्लूम बुडाली तरी दुरुस्तीच्या कोष्टकावरून खरा विसर्ग काढता येतो. पुढच्या पट्टीची नोंद नसेल तर त्या हंगामात प्रत्यक्ष किती पाणी मिळाले, हे मागाहून कोणालाही सांगता येत नाही.